हरिश्चंद्राचा कारखाना आणि त्याचे कामगार

अलीकडे घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या नाट्यमालिकांमध्ये एक नवाच प्रकार रूढ होऊ लागला आहे. एखादा गाजलेला चित्रपट घ्यावयाचा, परंतु त्याची गोष्ट मात्र सांगावयाची नाही. तो चित्रपट तयार कसा झाला, पैसा कोठून आला, कोण रुसले, कोण पळाले, कोणी मोडता घातला, आणि एवढे होऊनही तो पडद्यावर कसा आला, हेच कथानक म्हणून मांडावयाचे. पडद्यामागची हकीकत पडद्यावर आणण्याचा हा प्रकार मनोरंजक आहे यात संशय नाही. परंतु तो पाहताना सुज्ञ प्रेक्षकाने कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्या, याविषयी मी आज आपल्याशी चार शब्द बोलणार आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते मात्र आपल्या घरचेच, म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे, आणि त्याच्या निर्मितीवर परेश मोकाशी यांनी २००९ साली तयार केलेल्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाचे.

प्रथम एका साध्या प्रश्नाचा विचार करू. ज्या गोष्टीचा शेवट आपणांस आधीच ठाऊक आहे, ती पाहण्यात गोडी कसली? ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मग फाळक्यांना पैसा मिळेल की नाही, या चिंतेने आपला जीव खालीवर का व्हावा? याचे उत्तर आपल्या कीर्तनपरंपरेत सापडते. हरिश्चंद्रास त्याचे राज्य परत मिळणार हे श्रोत्यांतील प्रत्येकाला माहीत असते. तरीही बुवा डोंबाघरचा प्रसंग सांगू लागले की मंडपात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरते. श्रोता ‘काय होणार’ हे ऐकावयास आलेला नसतो. ‘काय काय सोसावे लागले’ हे ऐकावयास तो आलेला असतो. निर्मितीच्या नाट्याची गोडीही नेमकी हीच आहे.

परंतु या गोडीतच एक धोका दडलेला आहे. सोसणे रंगवावयाचे म्हटले की सोसणारा एक नायक लागतो. एक नायक उभा केला की त्याच्याभोवतालची माणसे एक तर अडथळे होतात, नाही तर टाळ्या वाजविणारी मंडळी होतात. वास्तविक चित्रपट ही अनेक हातांनी घडणारी वस्तू आहे. काव्य एकटा लिहितो, चित्र एकटा रंगवितो. चित्रपटाचे तसे नाही. तेव्हा निर्मितीच्या नाट्याची खरी कसोटी ही की त्यात श्रमाचा हिशेब पुरा मांडला आहे की नाही.

ही नाट्ये साधारणतः तीन रीतींनी लिहिली जातात असे दिसून येईल. पहिली रीत अशी की त्या कामात प्रत्यक्ष असलेल्या एखाद्या माणसाच्या आठवणी आधारास घ्यावयाच्या. अमेरिकेत १९७२ साली फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा ‘द गॉडफादर’ हा चित्रपट आला. त्याच्या निर्मितीतील कटकटींवर ‘द ऑफर’ नावाची दहा भागांची मालिका २०२२ साली निघाली. ती त्या चित्रपटाचे निर्माते अल्बर्ट रडी यांच्या अनुभवांवर आधारलेली आहे. साहजिकच तिचे नायकपद निर्मात्याकडे जाते. त्याच घटना दिग्दर्शकाने सांगितल्या असत्या, तर नायक दुसरा झाला असता. यात कोणी मुद्दाम खोटे बोलतो असे नव्हे. प्रत्येक मनुष्य आपल्या आठवणीत स्वतः मध्यभागी उभा असतो, इतकेच.

दुसरी रीत म्हणजे नावे बदलून लिहिणे. विक्रमादित्य मोटवाने यांची ‘जुबिली’ ही हिंदी मालिका २०२३ साली आली. तीत ‘रॉय टॉकीज’ नावाची एक काल्पनिक चित्रसंस्था आहे. परंतु जाणत्यांना मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली स्थापन केलेली ही संस्था आपल्या उपनगरांच्या इतिहासातील एक भूषणच होती. तिच्या ‘जीवन नैया’ या १९३६ च्या चित्रपटाच्या वेळी नायक आणि नायिका काम सोडून निघून गेली. पुढे नायिका परतली, परंतु नायक परतला नाही. आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणास त्या जागी उभे करण्यात आले. तो तरुण म्हणजे अशोककुमार. मालिकेने असा धागा घेऊन काळ पुढे नेला, नावे पालटली आणि आपले स्वतंत्र वस्त्र विणले. या रीतीत लेखकास मोकळीक मिळते. मात्र प्रेक्षकाने तिला इतिहास समजू नये.

तिसरी रीत सर्वांत अवघड. नावे खरी, सनावळी खरी, आणि सांगणारा मात्र त्या घटनेनंतर कित्येक दशकांनी जन्मलेला. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या रीतीची आहे. मोकाशी हे मूळचे रंगभूमीवरचे. बापू वाटवे यांनी लिहिलेले फाळक्यांचे चरित्र वाचताना त्यांना या चित्रपटाची कल्पना सुचली. नंदू माधव यांनी फाळक्यांची आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाईंची भूमिका केली. ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेसाठी भारताच्या वतीने २००९ साली हाच चित्रपट पाठविण्यात आला होता. अशा चित्रपटाचे परीक्षण करावयाचे तर मूळ हकीकत प्रथम नीट माहीत हवी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण, ठसे तयार करणे, जादूचे खेळ, अशा अनेक विद्या त्यांनी हस्तगत केल्या होत्या. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. पुराणवस्तू खात्यातील नोकरी सोडून त्यांनी छापखाना काढला, यंत्रसामग्रीसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे अखेर त्या धंद्यातूनही बाहेर पडले. वय चाळिशी ओलांडलेले, हाताशी उद्योग नाही, घरी मुलेबाळे. अशा स्थितीत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लेखमाला लिहिली. तीत ते सांगतात की डोळ्यांपुढून ख्रिस्ताची चित्रे सरकत असता मनश्चक्षूंना राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती.

त्यानंतरची हकीकत म्हणजे गहाणखतांची यादीच होय. आयुर्विम्याची बारा हजारांची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढली, सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत जाऊन काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदविली, आणि दोन महिन्यांत ते परत आले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी एका कुंडीत बी पेरले आणि ते रुजून वर येईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ मिनिटभरात डोळ्यांपुढे झालेली पाहून एका सावकाराने कर्ज देऊ केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते चित्र प्रसिद्ध आहे. तारण म्हणून मात्र घरच्या दागिन्यांची पेटी पुढे करावी लागली.

येथे मी थोडा थांबतो. कारण दागिन्यांची पेटी म्हटली की तिची मालकीण आली, आणि आपल्या आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

फाळक्यांचे बिऱ्हाड दादरला ‘मथुरा भुवन’ या वास्तूत होते. चित्रपटाचा कारखानाही तेथेच होता. नट, कारागीर व मदतनीस अशी साठसत्तर माणसे जेवावयास असत, आणि त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. हे काम ऐकूनच आजची गृहिणी थकून जाईल. परंतु त्यांचे खरे काम रात्री सुरू होई.

हे काम कोणते ते थोडे समजावून सांगतो. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा बिनभोकांची येई. फिल्मच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर चौकोनी भोके असल्यावाचून कॅमेऱ्याच्या दातेरी चाकावर ती पुढे सरकतच नाही. एका चित्रास एका कडेला चार भोके लागतात. एक फूट फिल्मवर सोळा चित्रे बसतात. म्हणजे एका फुटास एका कडेला चौसष्ट, आणि दोन्ही कडा मिळून १२८ भोके झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. गुणाकार करून पाहावा : ४ लाख ७३ हजार ६०० भोके! आणि ही केवळ तयार चित्रपटाची; चित्रणात वाया गेलेली फिल्म आणि प्रदर्शनासाठी काढावयाची प्रत यांचा हिशेब निराळाच. भोके यंत्राने पाडली जात हे खरे, परंतु यंत्र चालविणारा हात माणसाचाच असे. शिवाय हे काम उजेडात करता येत नाही. कच्च्या फिल्मवर प्रकाशाचा कवडसा पडला की ती फुकट गेली. तिच्यावर तांबड्या प्रकाशाचा परिणाम तेवढा होत नसे. म्हणून मिणमिणत्या तांबड्या दिव्याच्या उजेडात, चुकीस वाव न देता, एकेक गुंडाळी हाताळावी लागे. हे काम सरस्वतीबाईंनी केले. फिल्म धुणे, रसायने मिसळणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे हेही त्या शिकल्या. दिवसा चित्रणाच्या वेळी विजेचे दिवे नसत, सारी भिस्त सूर्यावर. तेव्हा पांढऱ्या चादरी ताणून धरावयाच्या आणि परावर्तित प्रकाश नटांच्या तोंडावर पाडावयाचा. उन्हात तासन् तास अशी चादर धरून उभे राहण्याचे कामही त्यांच्याकडे असे.

त्या काळची पांढरपेशा स्त्री, लहान मुले पदराशी, आणि हातांत कोणत्याही पाठशाळेत न शिकविलेली विद्या! भारतीय चित्रपटातील तंत्रज्ञांची जंत्री ज्या दिवशी कोणी पहिल्यापासून लिहील, त्या दिवशी तिच्या पहिल्या ओळींत सरस्वतीबाईंचे नाव लिहावे लागेल.

दुसरा कामगार त्र्यंबक तेलंग. हे फाळक्यांचे मित्र. कॅमेरा फिरविण्याचे तंत्र फाळक्यांनी त्यांना स्वतः शिकविले, आणि चित्रपटाचे छायालेखन त्यांच्या हातून झाले. हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्यात वेग सारखा राखणे ही मोठी कसब. मूठ घाईने फिरली तर पडद्यावरील माणसे संथ चालतात, मूठ मंदावली तर ती धावू लागतात. चालक आपल्या मनात ताल धरूनच मूठ फिरवी.

तिसरा कामगार अण्णा साळुंके. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी पुष्कळ धडपड केली. परंतु कुलीन स्त्रिया तर सोडाच, नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियाही कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार होईनात. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. तेथे त्याला दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांपुढे आणखी एक पेच होता. वडील हयात असता मिशी उतरविणे हे अशुभ. मिशीसह राणीच्या सख्या पडद्यावर आणणेही शक्य नव्हते. ही समजूत घालता घालता फाळक्यांच्या नाकी नऊ आले. याच साळुंक्यांनी पुढे ‘लंकादहन’ या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे लक्षात घेतले म्हणजे उपाहारगृहातून आलेल्या त्या मुलाची योग्यता ध्यानात येते. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दामोदर दाबके, विश्वामित्र गजानन साने, आणि रोहिदास खुद्द फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

आता ‘फॅक्टरी’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो. नाटकातील नटास जेथे बिऱ्हाड मिळण्याची मारामार, तेथे ‘सिनेमात काम करतो’ असे सांगणाऱ्याकडे लोक कसे पाहत असतील याची कल्पना करावी. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेविले होते, की कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ असे सांगावे. गिरणीच्या मुंबईत कारखान्यात जाणारा मनुष्य प्रतिष्ठित गणला जाई. मोकाशी यांनी नेमका हाच शब्द शीर्षकासाठी निवडला, यात त्यांची मार्मिकता दिसते. कारण कारखाना एकट्या मालकाने चालत नाही. तो म्हटला की कामगार आलेच.

बाहेरील प्रसंगांचे चित्रण वांगणी येथे झाले. मी विक्रोळीस राहतो. आमच्या स्थानकावरून जाणाऱ्या याच लोहमार्गावर एका अंगास दादर आहे, जेथे तो कारखाना होता. आणि दुसऱ्या अंगास बदलापूरच्या पलीकडे वांगणी आहे. हल्ली कर्जतकडे जाणाऱ्या लोकल गाडीतील उतारूंना त्या स्थानकाचे काही विशेष वाटत नाही. परंतु ११० वर्षांहून अधिक काळापूर्वी याच मार्गाने तलवारी, भाले, मुकुट आणि मिशा उतरविलेले पुरुष घेऊन एक मंडळी तेथे उतरली. गावकऱ्यांना वाटले की दरोडेखोर आले! प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. अखेर चित्रण म्हणजे काय ते करून दाखवावे, तेव्हा सुटका झाली, अशी आख्यायिका आहे. त्याच मुक्कामात खेळता खेळता भालचंद्र दगडावर पडला आणि डोक्यास मार लागून बेशुद्ध झाला. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करावयाचा राहिला होता. मुलाला घेऊन मुंबईस परतावे, तर चित्रण पुन्हा होण्याची शाश्वती नाही. चरित्रांतून असे सांगितले आहे, की त्या बेशुद्ध अवस्थेतच मुलाला चितेवर ठेवून तो प्रसंग घेण्यात आला.

हा प्रसंग ऐकून कोणाच्या मनात आदर उत्पन्न होईल, कोणाच्या मनात संताप. माझ्या मते दोन्ही भावना योग्य आहेत, आणि चांगल्या नाट्याने त्यांपैकी एकीचाही गळा दाबू नये. हरिश्चंद्राच्या मूळ कथेतही हेच आहे. सत्यवचनी म्हणून कीर्ती झाली ती राजाची. परंतु भर बाजारात विकली गेली ती तारामती, आणि सर्पदंशाने मेला तो रोहिदास. वचन एकाचे, आणि किंमत मोजली तिघांनी. फाळक्यांच्या घरातील प्रकार याहून फारसा निराळा नव्हता. कथेचे नाव राजावरून पडते, हा जगाचा रिवाज आहे. ऐकणाऱ्याने मात्र तिघांचीही आठवण ठेवावी.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस चाललेले काम पुरे झाले. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे १९१३ पासून गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी सुरू झाला. चित्रपटाच्या जोडीला नाच, कसरत व विनोदी प्रवेशही ठेवले होते. कारण तेवढ्याच पैशांत रात्रभर नाटक पाहण्याची सवय लोकांना होती. सुरतेस प्रथम गर्दी जमेना तेव्हा फाळक्यांनी मोठी युक्तीची जाहिरात केली, असे सांगतात : सत्तावन्न हजार चित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचा, केवळ तीन आण्यांत! आम्हा मास्तर मंडळींना असले आकडे दिसले की ताळा करून पाहण्याची खोड असते. ३,७०० फुटांना सोळांनी गुणले म्हणजे ५९,२०० येतात. तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा चोख आहे. मात्र दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्रपट पाऊण मैलही भरत नाही! चित्रांच्या संख्येत हरिश्चंद्र आणि लांबीत नारदमुनी, असा हा हिशेब आहे. परंतु त्याने गर्दी लोटली, हेही खरे.

‘पहिला’ या शब्दाविषयीही एक खुलासा केला पाहिजे. १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ याच कॉरोनेशनमध्ये दाखविण्यात आला होता. ते एका नाटकाचे चित्रण होते, चित्रण करणारा कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली होती. या कारणांनी बहुतेक इतिहासकार ‘राजा हरिश्चंद्र’लाच पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट मानतात. हा निर्णय मान्य करावा, परंतु तोरणे यांचे नावही घ्यावे. निर्मितीच्या नाट्यात ‘सर्वप्रथम’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, म्हणून हे सांगितले.

आता मोकाशी यांच्या चित्रपटाकडे वळू. त्याचा मोठा गुण हा की त्याने फाळक्यांना रडविले नाही. संकटे येतात, घरातील सामान विकले जाते, शेजारी वेड्यात काढतात. परंतु नायकाच्या तोंडावरचे कुतूहल मावळत नाही. घरातील माणसे या वेडात हसतखेळत सामील होतात. सरस्वतीबाई येथे रडत बसणारी सोशिक पत्नी नाही. कामाचा आनंद लुटणारी सहकारी आहे. ऐतिहासिक सत्याच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अश्रूंनी भिजविलेल्या चरित्रपटांपेक्षा हा हसरा चित्रपट श्रमाचा हिशेब अधिक प्रामाणिकपणे मांडतो.

त्याची मर्यादाही तेथेच आहे. कथानक पहिल्या यशाच्या भरात थांबते, आणि आपण आनंदाने घरी जातो. नाट्यकृतीला कोठे तरी थांबावे लागते, हे कबूल. परंतु जीवन तेथे थांबले नाही. यशानंतर फाळके नाशिकला गेले. १९१३ सालच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आली. ‘लंकादहन’ने अलोट पैसा मिळविला. पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा बेबनाव झाला, आणि फाळके सर्व सोडून काशीस जाऊन राहिले. परत आले तेव्हा जग पालटू लागले होते. बोलपटांच्या युगात त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला, तो १९३७ साली, कोल्हापुरास. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा हाताशी संपत्ती म्हणावी असे काही उरले नव्हते. शासनाने त्यांच्या नावे पारितोषिक सुरू केले ते १९६९ साली. ज्या घराने दागिने गहाण टाकून एका उद्योगाचा पाया घातला, त्या घरास त्या उद्योगाने काय परत दिले, हा प्रश्न यशापाशी थांबणाऱ्या कथेत विचारला जात नाही. तो आपण प्रेक्षकांनी विचारावा.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्या चित्रपटासाठी एवढा खटाटोप झाला, तो आज आपणांस संपूर्ण पाहता येत नाही. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे, अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती लागली. ती तरी १९१३ चीच आहेत, की फाळक्यांनी १९१७ साली तोच विषय पुन्हा चित्रित केला त्यातील आहेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही आहे. एकदा पेटला म्हणजे बाहेरील हवा तोडली तरी तो जळतच राहतो, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. आग न लागली तरी उष्ण, दमट हवेत तो हळूहळू कुजून त्याची भुकटी होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास लागलेल्या आगीत कितीतरी जुनी नायट्रेटची रिळे भस्मसात झाली. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतील फार थोडे आज शिल्लक आहेत.

म्हणजे स्थिती अशी आहे : चित्रपट अर्धाच उरला, आणि तो कसा झाला याची कथा मात्र पुरी उरली. मूळ वस्तू जेव्हा नाहीशी होते, तेव्हा तिच्याविषयीच्या कथेवरची जबाबदारी वाढते. उद्याच्या पिढीला ‘राजा हरिश्चंद्र’ दिसणार आहे तो बव्हंशी अशा नाट्यांच्या द्वारेच. मग त्या नाट्यात ज्याला जागा मिळाली तो इतिहासात राहिला, आणि ज्याला मिळाली नाही तो गेला, असे होण्याचा संभव आहे.

फाळक्यांना स्वतःला याची जाणीव होती असे दिसते. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावर एक लहानसे चित्र काढले होते. त्याचा काही भाग उपलब्ध आहे. त्यात ते स्वतः आपल्या माणसांना सूचना देताना आणि फिल्मचे काम करताना दिसतात. निर्मितीची कथा पडद्यावर आणण्याचा प्रकार नवा, असे मी आरंभी म्हणालो. परंतु आपल्याकडे त्याचे बीजही याच पुरुषाने पेरून ठेविले होते. आपण दाखवितो ती जादू नव्हे, कष्टसाध्य विद्या आहे, हे लोकांना कळावे आणि त्यांनीही ती शिकावी, हाच त्यातील हेतू दिसतो.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे घरी बसून असे एखादे नाट्य पाहाल, तेव्हा तीन प्रश्न जवळ ठेवावेत. ही हकीकत कोणाच्या तोंडची आहे? नायकाचे स्वप्न पुरे व्हावे म्हणून कोणाकोणाचे हात राबले आणि कोणाचे दागिने गेले? आणि जेथे पडदा पडला, त्याच्या पुढे त्या माणसांचे काय झाले? घरातील मुले सोबत असतील तर हे प्रश्न त्यांनाही विचारावेत; उत्तरे शोधता शोधता ती इतिहासाच्या दारापर्यंत आपोआप जातील. असे प्रश्न विचारल्याने नाट्याची गोडी उणावत नाही. उलट, दादरच्या त्या घरातील तांबडा दिवा आपल्या डोळ्यांपुढे क्षणभर उजळतो, आणि त्या दिव्याखाली फिल्मची गुंडाळी हातांत घेऊन बसलेली ती गृहिणी आपणांस स्पष्ट दिसू लागते.